सतरा सोमवार मागे

आमच्या घराण्यात मागची तारीख काढायची वेळ आली की प्रत्येक जण पुढे सरसावतो. आज काय तारीख आहे असं विचारा, कोणी सांगणार नाही. पण कूलरची मोटर जळाली त्याला किती आठवडे झाले, हे सांगायला तीन माणसं तीन आकडे घेऊन हजर. तिन्ही चूक. आणि चूक सांगतानाचा आवाज असा, की समोरच्याला स्वतःच्या जन्मतारखेचा संशय यावा. मी त्यांच्यातलाच. फरक एवढाच की मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, वाररेषा ओलांडली की दिवस कसा घटतो नि कसा वाढतो ते फळ्यावर काढून दाखवतो, त्यामुळे माझी चूक अधिकृत धरली जाते.

या विद्येची परीक्षा यंदाच्या उन्हाळ्यात अकोल्याला झाली, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. पणाला माझ्या मुलीचे केस होते.

बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. वय साठीच्या पुढे, आवाज तिशीतला. दोन्ही मुलगे नोकरीसाठी लांब गेल्यामुळे तिची सगळी माया माझ्या मुलीवर सांडते, आणि बाईची माया अंगावर सांडली की डाग पडतोच. मुलगी तीन वर्षं सरकारी भरतीच्या परीक्षा देत होती. आम्ही आईबाप म्हणून काय केलं, तर टीव्हीचा आवाज कमी ठेवला. बाईनं मात्र कोणाला न सांगता सोळा सोमवारचं व्रत धरलं. श्रावणाचीही वाट पाहिली नाही. तिच्या मते शंकर बाराही महिने घरीच असतो. वर पहिल्या सोमवारी संकल्प सोडताना बालाजीला नवस बोलली. म्हणजे एका नोकरीसाठी दोन देव लावले. एकाकडे वेटिंग लागलं तर दुसरीकडे जागा मिळावी, असा रेल्वेचा हिशेब.

नवस काय, हे आम्हाला माहीत नव्हतं. फळ मिळून व्रत पूर्ण होईपर्यंत नवस सांगायचा नसतो म्हणे. सांगायचा नसतो हे ठीक, पण तो दुसऱ्याच्या डोक्यावर बोलायचा नसतो, असा नियम कोणी केलेला दिसत नाही.

आता आमच्या बाजूचं. निकाल लागला तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. मुलीचं नाव यादीत होतं. तिनं पहिला आनंद ओसरायच्या आत फर्मान काढलं की कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत बाहेर एक अक्षर जाता कामा नये. "आणि आत्याला तर नाहीच," ती म्हणाली. "आत्याला सांगितलं की अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, सगळ्या स्टेशनांवर गाडी थांबणार." तेव्हा आम्ही दार लावून पेढे खाल्ले. आपल्याच घरात चोरासारखे पेढे खाणारं कुटुंब मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संक्रांतीला बाई आमच्याकडे आली तेव्हा तपासणी उरकली होती, म्हणून तिळगुळाबरोबर बातमी दिली. "कालच लागला निकाल," असं तिला सांगण्यात आलं. हे वाक्य कोणाच्या डोक्यातून निघालं याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. आवाज माझा होता, हे दोन्ही मतांना मान्य आहे.

बाई रडली, मुलीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि व्रताबद्दल चकार शब्द न काढता अकोल्याला परतली. व्रत अर्धं टाकायचं नसतं, म्हणून पुढचे सोमवारही करत राहिली.

एप्रिलमध्ये, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी, सतराव्या सोमवारी तिनं उद्यापन ठेवलं. अकोल्यात त्या दिवशी ऊन असं होतं की चपलेसकट पाय भाजत होता. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. सोळा जोडपी जेवली, चुरम्याचे लाडू संपले, पाहुणे पांगले. कूलरसमोर आम्ही पाच जण उरलो: बाई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, मी, बायको आणि मुलगी. भाऊजी निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतात, आणि ती गोष्ट त्यामुळे आणखी बिघडते.

बाईनं हात पुसले नि सहज म्हणाली, "आता पुढच्या महिन्यात बालाजीले जा लागते. पोरीचे केस द्याचे हायेत."

"कोणत्या पोरीचे?" मुलीनं विचारलं.

"तुहे. दुसरी कोणती पोरगी पास झाली आपल्यात?"

मुलीचे केस कमरेखाली जातात. ते तिनं वाढवले नाहीत, ते आपोआप वाढले, असं ती सांगते. पण रविवारी न्हाणीघर दीड तास बंद असतं ते आपोआप नव्हे. पुढच्या महिन्यात तिला नोकरीवर हजर व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी साहेबासमोर तुळतुळीत डोक्यानं उभं राहायचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं, कारण तिचा हात आपसूक वेणीवर गेला.

"आत्या, तुझे दे ना."

"माह्या केसाले काय पाह्यचं? चार राहिले, तेई मेंदीचे. देवाले चांगलं द्या लागते वं."

"मला विचारलंस का?"

"तुले विचारून नवस बोलाले हे का भाजी हाय, कोणती करू म्हून विचाराले?"

इथं भाऊजींनी डोकं वर काढलं. "पण नवस निकालाच्या आधी बोलली होती का नंतर?"

"आधीच ना! नंतर बोलाले मी येडी हाव का? नंतर बोलली असती तर देवाचं काही देणं नव्हतं. मी देवाशी खोटं करत नाई."

हे खरं आहे. बाई माणसांशी कधीकधी करते, देवाशी नाही.

"मंग पहिला सोमवार कोणता?" भाऊजींनी गरज नसताना विचारलं.

ते बाईला माहीत नव्हतं. तिच्याकडे तारीख नव्हती, सुपाऱ्या होत्या. देवघरात दोन वाट्या. दर सोमवारी पूजा झाली की एक सुपारी या वाटीतून त्या वाटीत. सोळा झाल्या एवढं ती छातीठोक सांगत होती, सुरुवात केव्हा केली ते सुपारीला विचारा. "सतरा सोमवार झाले, म्हंजे सतरा आठवडे मांगं जाय," ती म्हणाली. "कसंई मोज, सक्रांतीच्या आधीच येते. निकाल सक्रांतीले. झालं."

भाऊजींना मात्र राहवेना. त्यांनी आठवडा म्हणजे आठ दिवस धरले. का धरले विचारू नका. आपण सगळेच 'आठ दिवसांनी ये' म्हणतो आणि सातव्या दिवशी जातो. सोळा आठे एकशे अठ्ठावीस, असं तोंडानं म्हणत ते भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटत गेले, पानं संपली म्हणून मागच्या वर्षाचं कॅलेंडर बाईच्या धान्याच्या डब्याखालून काढलं, आणि शेवटी बोट टेकवून विजयी मुद्रेनं थांबले. बोट शनिवारवर होतं.

"सोमवारचं व्रत शनवारी धरलं का मी?" बाई म्हणाली. "सरका तिकडं. निवृत्त झाले तं डोकंबी निवृत्त झालं का?"

तेवढ्यात बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "मागच्या अंगणात या," ती पुटपुटली. ती अशी पुटपुटते तेव्हा मला काहीतरी करावं लागणार असतं आणि ते मी चुकवणार असतो, हे दोघांनाही माहीत असतं.

मागच्या अंगणात टाकीच्या सावलीत मुलगी आधीच उभी होती. "बाबा, निकाल शुक्रवारी लागला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी. आत्याचा पहिला सोमवार त्याच्या आधीचा असेल तर माझे केस गेले. नंतरचा असेल तर वाचले. मोजा."

मी मोजू लागलो. बोटांच्या पेरांवर मोजतो मी. शाळेत मुलं हसतात म्हणून हात पाठीमागे धरून मोजतो. आजचा सोमवार वीस एप्रिल. तेरा, सहा. मग मार्च. यंदा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे मार्च आणि फेब्रुवारी दोन्हीकडे सोमवार दोन, नऊ, सोळा, तेवीस याच तारखांना. मी मार्चच्या नऊ तारखेवरून फेब्रुवारीच्या दोन तारखेवर कधी उडी मारली ते मलाही कळलं नाही. पहिल्या फेरीत मी नोव्हेंबरात जाऊन पडलो. तेव्हा तर परीक्षासुद्धा झाली नव्हती.

"पोरगी तीन वर्षं शिकली आणि बाप एक कॅलेंडर शिकला नाही," बायको टाकीला म्हणाली.

दुसऱ्या फेरीत बावीस डिसेंबर आला. मुलीचा चेहरा उतरला. मग तिनंच विचारलं, "बाबा, आजचा सोमवार तुम्ही एक धरला की शून्य?"

"एक."

"मग मागे किती गेलात?"

"सतरा."

"सतरा सोमवारांमध्ये आठवडे सोळाच असतात ना! हाताला पाच बोटं, मधल्या फटी चार."

हे मी सातवीला शिकवतो. फटींचं उदाहरणसुद्धा माझंच आहे. तिसऱ्यांदा मोजलं. मुलीनं फोनवर एकेक आठवडा मागे सरकवला, मी पेरांवर. दोघं एकाच ठिकाणी आलो: एकोणतीस डिसेंबर. शुक्रवारनंतरचा सोमवार. केस वाचले होते, तेही तीन दिवसांनी. बायकोनं मुलीच्या वेणीवरून हात फिरवला, जणू ती आजारातून उठली होती.

मग तिघांच्याही एकदमच लक्षात आलं की हे वाचवायचं तर आत जाऊन बाईला सांगावं लागणार. आणि सांगायचं म्हणजे निकाल नाताळात लागला होता, संक्रांतीला नाही, हेही सांगावं लागणार.

"तुम्ही सांगा," बायको म्हणाली. "तुमचाच आवाज होता."

मी आत गेलो आणि सांगितलं. वाईट सांगितलं. आधी फटी नि बोटं समजावून सांगितली, मग फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस, आणि मग, घाईत कोणी टपाल टाकावं तसं, निकालाची खरी तारीख. भूगोलाच्या शिक्षकाला वाटतं की नकाशा नीट काढला की नदी शांत वाहील.

बाई कूलरच्या जाळीकडे वळली.

"नाताळात लागला," ती म्हणाली.

"हो."

"आणि सक्रांतीले कालच लागला म्हटलं."

"हो."

"म्हंजे मधात तीन सोमवार मी उपाशी. बिनमिठाचं, दिवसातनं एक डाव खाऊन, हात जोडून, पोरीले पास कर म्हून मांगून राहिली. आन तुमी तिकडं पेढे खाऊन राहिले."

"दार लावून," मी म्हणालो. कशाला म्हणालो, देव जाणे. मला वाटलं, त्यानं जरा बरं वाटेल.

भाऊजींनी कॅलेंडर गुंडाळलं. त्यांना एकदाचं समजलं की आता मोजण्यासारखं काही राहिलेलं नाही.

चुकले. बाई डोळे न पुसताच म्हणाली, "आन तुहा हिशोबई चुकला."

"कसा चुकेल? फोनमध्ये पाहिलं."

"फोनले काय माहीत? फेब्रुवारीत तुह्या भाऊजीचे चुलते गेले, नांदगाव खंडेश्वरले. तू आलता ना मातीले?"

गेलो होतो. बुधवारी. मी स्वतः.

"दहा दिवस सुतक. त्यात एक सोमवार आला. उपास केला, पण पूजा नाई झाली. पूजा नाई म्हंजे सुपारी नाई. तो सोमवार धरत नसतात. आणखीन एक आठवडा मांगं जाय."

मी मागे गेलो. पेरं लागली नाहीत. एकोणतीसच्या मागचा सोमवार बावीस. निकालाच्या चार दिवस आधीचा. म्हणजे माझी दुसऱ्या फेरीतली चुकीची मोजणी बरोबर निघाली होती आणि तिसऱ्या फेरीतली बरोबर मोजणी चुकली होती. मला एवढं कळत होतं की आम्ही तिला फसवलं हे कबूल केलं होतं, आणि केसही गमावले होते. एकही गोष्ट न वाचवता दोन्ही गमवायला आठवड्यांचा हिशेब यावा लागतो. अडाणी माणूस एकच गमावतो.

"झालं तर मग," भाऊजी म्हणाले. "नवस लागू."

"कोणाले लागू?" बाई त्यांच्यावर खेकसली. "नको मले तिचे केस. राहू द्या. ज्या घरातनं मले एक बातमी नाई सांगत, त्या घरातले केस कावून नेऊ मी?" मग आवाज खाली आला. "वर बसून हासत असन तो मले. म्हणत असन, हे बुढी कावून मांगून राहिली? देऊन झालं ना."

बायको उगाच ताटं उचलू लागली, जी आधीच उचललेली होती. मी फोन खिशात घातला आणि परत काढला.

मुलगी उठून बाईच्या शेजारी खाली फरशीवर बसली. मला वाटलं, पाया पडते की काय. तसलं काही आमच्या घरात होत नाही.

"आत्या, तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

"कावून बसू? भाची पास झाली तर तोंड शिवून बसू का मी?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आन तुले नवस आधी सांगतला असता तर तू केस देतो म्हटली असती?"

"नाही."

"म्हूनच नाई सांगतला."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या तशा बसल्या की नाकं एकसारखी दिसतात. आमच्या वडिलांचं नाक, दोघींनाही शोभत नाही.

"पण तीन सोमवार फुकट गेले तुझे," मुलगी म्हणाली. "ते आम्ही खाल्ले. ते मला आवडलं नाही."

"मलेई नाई आवडलं."

"किती बोलली होतीस?"

"काय किती?"

"केस. किती बोललीस बालाजीला?"

"केस बोलली."

"सगळे?"

बाई थांबली. तिला खोटं बोलायचं असतं तर तो क्षण फार सोयीचा होता. ती देवघराकडे वळली, तिथं जणू कोणी साक्षीला बसलं होतं. "सगळे असं नाई म्हटलं," ती शेवटी म्हणाली. "पोरीचे केस देईन म्हटलं."

तासभर आम्ही पाच शहाणी माणसं आठवडे मागे-पुढे ढकलत होतो. कोणी आठाचा केला, कोणी सुतक काढलं, कोणी फटी. किती केस, हे कोणी विचारलंच नव्हतं.

"दोन बोटं देते," मुलगी म्हणाली.

"दोन बोटं? बालाजी का तुही वर्गमैत्रीण हाय, राखी बांधाले? वीत तरी दे."

"तीन."

"चार. आडवी बोटं. माह्या हाताची."

"तुझ्या हाताची कशाला? तुझी बोटं जाड आहेत. माझ्या हाताची चार."

"बाप्पा! नोकरी लागली नाई आन आताच कापून देऊन राहिली. बरं, तुह्या हाताची. पण दाबून नको मोजू."

तिथंच वेणीचं टोक सोडून मुलीनं बोटं आडवी लावली. बाईनं ती उचलून पुन्हा लावली, थोडी वर. मुलीनं खाली ओढली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदरात हसत होती की रडत होती ते माझ्याकडून दिसलं नाही, आणि विचारायची माझी पत त्या दिवशी उरली नव्हती. बाईनं देवघरातली लाल नाडी आणून त्या जागी गाठ मारली. इथून खाली देवाचं, इथून वर तिचं. कापायचं तिथं जाऊनच.

आपली काहीतरी भर पडावी म्हणून मी म्हणालो, "मी पाहतो तिकिटं. नोकरीवर हजर व्हायच्या आधीचा आठवडा काढतो."

"तू नको," चौघंही म्हणाले. भाऊजीसुद्धा. शनिवार काढणारा माणूस.

मुलीनं फोन उघडला आणि बाईच्या मांडीला टेकून तारखा वाचू लागली. बाई चष्मा लावून वाकली.

"सोमवार सोडून पाहाय," ती म्हणाली. "सोमवारी मी आता सकाळी उठल्याबरोबर जेवतो."